जोतं मोजून घ्या : घर बांधणाऱ्यांचे प्रश्न

पावसाळा ओसरायला लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ओल, गळती, भिंतीचे पोपडे मागे पडतात आणि ‘दसऱ्याला नारळ फोडायचाय, प्लॅनचं काय करू?’ सुरू होतं. या वेळी बहुतेक पत्रं परवानगी आणि तपासणीचीच आहेत. माझी सगळी नोकरी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात झाली. फाईल कुठे आणि का अडकते ते आतून पाहिलेलं आहे, त्यामुळे उत्तरं जरा रोखठोक झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

कोथरूडला आमचा १८० चौरस मीटरचा प्लॉट आहे. १९९१ साली पास झालेल्या नकाशाप्रमाणे तळमजल्याचं घर आहे. मुलाचं लग्न ठरलंय, म्हणून वर दोन खोल्या आणि बाथरूम काढायचं आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘काकू, नवीन कायद्यात छोट्या घराला परवानगीच लागत नाही.’ खरं आहे का?

काकू, अर्धं खरं आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून साऱ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. तिच्यात लहान प्लॉटवाल्यांची वाट सोपी केली आहे. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर ठरलेल्या कागदांसह नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं आणि पोच घ्यायची. ती पोच हीच परवानगी धरली जाते. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने यातलं सोयीचं तेवढं उचललं. १५० हा आकडा प्लॉटचा आहे, बांधकामाचा नाही, त्यामुळे ‘दोनच तर खोल्या’ हा हिशेब तिथे चालत नाही. शिवाय सोप्या वाटेनेही नकाशा नियमात बसवावा लागतोच आणि तो जाणकाराच्या सहीनेच जातो. तुमचा प्लॉट १८०चा, म्हणजे तुम्हाला वाढीव बांधकामाचा रीतसर प्रस्ताव दाखल करावा लागेल.

पण त्याआधीचं काम तुमच्या कपाटात आहे. १९९१चा मंजूर नकाशा, काम सुरू करायचा दाखला आणि भोगवटा पत्र (बांधून झालेल्या घरात राहायची परवानगी) शोधा. बहुतेक घरांत हे कागद लग्नाच्या अल्बमखाली किंवा बँकेच्या लॉकरात सापडतात. नाहीच सापडले तर महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाकडे नकाशाची प्रत मागा. साध्या अर्जाने काम हललं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुन्या दाखल्याचा क्रमांक आणि तारीख हाताशी असेल तर शोधणाऱ्यालाही बरं पडतं.

नकाशा मिळाला की तो हातात घेऊन घराला एक चक्कर मारा. मागची धुण्याची जागा पत्रा टाकून बंद केली आहे का? बाजूच्या मार्जिनमधून, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात मोकळी सोडायच्या जागेतून, गच्चीवर जाणारा लोखंडी जिना नंतर बसवला आहे का? पुढच्या व्हरांड्याची खोली झाली आहे का? तीस वर्षं जुन्या बंगल्याला असं काहीतरी चिकटलेलं असतंच. नव्या प्रस्तावात आजचं घर जसं आहे तसं दाखवावं लागतं, आणि तिथेच हे सगळं उघडं पडतं. जे नियमात बसतं ते शुल्क भरून नियमित करून घ्या. जे बसत नाही ते फाईल देण्याआधीच काढा. ‘बघू, विचारलं तर’ म्हणून झाकून ठेवलेली गोष्ट तपासणीच्या दिवशी कॅमेऱ्यात येते आणि मग सगळीच फाईल संशयाने बघितली जाते.

आता कॉन्ट्रॅक्टरने विषयच काढला नाही ती गोष्ट. त्या काळातले बरेच बंगले विटांच्या नऊ इंची भिंतींवर उभे आहेत, त्यांना कॉलम नाहीत. तुमचं घर तसं असेल तर वरचा मजला त्या भिंती आणि त्यांचा पाया पेलेल का, हे नकाशावरून कळत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो पायाशेजारी खड्डा घेऊन पाया किती खोल गेलाय, खाली मुरूम लागलाय की काळी माती, हे बघेल. कॉलम असतील तर त्यांच्यावर हॅमर टेस्ट घेईल, म्हणजे ठोका मारून काँक्रीट किती टणक आहे ते बघेल. कोथरूडला एका गल्लीत दोन-चार फुटांवर कातळ लागतो आणि पुढच्या गल्लीत भराव निघतो, त्यामुळे शेजाऱ्याने वर चढवलं म्हणून तुमचंही चढेल असं धरू नका. आणि हे प्रमाणपत्र फाईलला लागतं म्हणून न घेता स्वतःसाठी घ्या. खालच्या खोलीत तुम्हीच झोपणार आहात.

खर्चाचंही सांगून ठेवते : छाननी शुल्क आणि विकास शुल्क चलनावर येईल. कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ५० लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत ही रेषा १० लाखांची होती. तुमचं काम त्या रेषेच्या आत बसावं, तरी अंदाजपत्रक खरं करा.

आम्ही पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात राहतो. घराची फाईल देऊन तीन महिने होत आले. मध्ये एकदा त्रुटीचं पत्र आलं, त्याचं उत्तर दिलं. इंजिनिअर म्हणतो ६० दिवस उलटले, आता मानीव परवानगी (मुदतीत निर्णय आला नाही म्हणून मिळाली असं धरायची) मिळाली, खड्डे घेऊ. घ्यावेत का?

थांबा. ६० दिवसांचा नियम खरा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ४५मध्ये तो आहे, आणि महापालिका असो की नगरपरिषद, दोन्हींना लागू आहे. पण दिवस मोजायचे कुठून, ते इंजिनिअरने सांगितलेलं दिसत नाही. अर्ज दिल्याची तारीख किंवा त्यांच्या त्रुटीपत्राला तुम्ही उत्तर दिल्याची तारीख, यातली जी नंतरची असेल तिथून ६० दिवस. म्हणजे तुम्ही उत्तर दिलंत त्या दिवशी मोजणी पुन्हा शून्यावर आली. त्या उत्तराची पोच आहे का? नसेल तर तुमचे ६० दिवस कागदावर सुरूच झालेले नाहीत.

शिवाय मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या नकाशालाच मिळते. मार्जिन कमी, जागेवर आरक्षण किंवा नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट, असलं काही निघालं तर ६० काय, ६०० दिवस झाले तरी ते बांधकाम विनापरवानाच. खड्डे घेतल्यानंतर हे निघण्यापेक्षा आत्ता एक पत्र लिहा : अमुक तारखेला उत्तर दिलं, अमुक तारखेला मुदत संपली, निर्णय कळवावा. बांधकाम परवानगी, जोत्याचं (म्हणजे प्लिंथचं, पायावरच्या चौथऱ्याचं) प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५खाली येतात. कार्यालयाच्या फलकावर मुदत आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असतं. मुदत उलटली की पहिलं अपील तिथेच, वरच्या अधिकाऱ्याकडे. परवानगी नाकारल्याचं पत्र आलं तर राज्य शासनाकडे अपिलाला ४० दिवस असतात.

छोट्या गावात एक अडचण खरी आहे आणि ती मी स्वतः टेबलामागून बघितली आहे. रस्ते, पाणी, गटार, बांधकाम, अतिक्रमण आणि निवडणुकीच्या मतदान केंद्रांची डागडुजी, सगळं एकाच अभियंत्याच्या गळ्यात असतं. तो तुमचा शत्रू नसतो. पण त्याच्यासमोरच्या ढिगात वर तीच फाईल येते जिच्यात मोजणी नकाशा जोडलेला असतो, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि नकाशावरचं क्षेत्र जुळतं आणि प्रत्येक पानावर सही असते. त्रुटीचं पत्र पाठवायला त्याला निमित्त लागतं, ते देऊ नका.

धायरीला आमचं घर चालू आहे. जोत्याची तपासणी झाली. साहेब आले, टेप लावून इकडून तिकडून मोजलं, फोटो काढले आणि अर्ध्या तासात गेले. कॉलमच्या स्टीलकडे बघितलंसुद्धा नाही. ही कसली तपासणी?

हीच जोत्याची तपासणी, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून ती नीट झालेली दिसते. लोकांचा इथे मोठा घोटाळा होतो. महापालिकेचा माणूस तुमचं घर मजबूत आहे का हे तपासायला येत नाही. घर मंजूर नकाशाप्रमाणे, मंजूर जागी आणि मंजूर मापाचं उभं राहतंय का, हे तो बघतो. मजबुतीची जबाबदारी तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून स्वतःवर घेतलेली असते. त्या सहीचे पैसे तुम्ही दिलेत, तर त्याला साइटवर बोलवायचं कामही तुमचंच.

तपासणीत काय होतं ते सांगते, म्हणजे अजून जोत्यापर्यंत न आलेल्यांना उपयोग होईल. मी जायचे तेव्हा आधी कर्ण मोजायचे. चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर आखणी काटकोनात नाही, मग पुढचं मोजण्यात अर्थ नाही. त्यानंतर चारही बाजूंचं सामासिक अंतर, ज्याला सगळे मार्जिन म्हणतात. आणि इथे जवळजवळ प्रत्येक मालक मला कंपाउंडच्या भिंतीकडे हात करून दाखवायचा, ‘मॅडम, इथून धरा.’ कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द नव्हे! हद्द मोजणी नकाशात असते, भूमी अभिलेखच्या खुणांवर असते. भिंत कधी शेजाऱ्याने आधी बांधलेली असते, कधी पूर्ण नऊ इंच तुमच्या जागेत, तर कधी रस्त्याकडे सरकलेली. भिंतीपासून मोजलं तर मार्जिन पुरेसं दिसतं आणि खुणेपासून मोजलं की अर्धा फूट कमी भरतं.

आणखी एक बारीक गोष्ट. नकाशावरचं अंतर तयार भिंतीपासूनचं असतं. जोत्यावर विटेची कड मोजून ‘बरोबर आलं’ म्हणणारा मिस्त्री बाहेरच्या गिलाव्याचे वीस-पंचवीस मिलिमीटर विसरतो. एका बाजूला ते चालून जातं. मार्जिन काटेकोर असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून दोन इंच होतात आणि भोगवट्याच्या वेळी तेच आडवे येतात. म्हणून तपासणीला बोलवायच्या आदल्या दिवशी तुमच्या इंजिनिअरला टेप घेऊन उभं करा आणि हे सगळं आपणच मोजून घ्या. जोत्यावर चूक सापडली तर एक दिवसाची मजुरी आणि थोड्या विटा जातात. स्लॅबवर सापडली तर नोटीस येते, वकील येतो.

वेळेचंही लक्षात ठेवा. परवानगी एक वर्षासाठी असते, पुढे वर्षावर्षाने जास्तीत जास्त तीन वर्षं वाढवून मिळते. आणि काम ‘सुरू झालं’ हे नियमाप्रमाणे जोत्यापर्यंत आल्यावर धरतात. भूमिपूजनाचा फोटो आणि चार खड्डे दाखवून मुदत राखता येत नाही.

स्टीलचं म्हणाल तर तुमची काळजी योग्य आहे, फक्त जबाबदार माणूस दुसरा आहे. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी, काँक्रीटची गाडी सांगण्याआधी, स्ट्रक्चरल इंजिनिअर सेंट्रिंगवर चढलाच पाहिजे. त्याने काय बघावं ते तुम्हीही बघू शकता. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून वर धरणारे छोटे ठोकळे, आहेत का? स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फूटिंगला ५० कव्हर लागतं. मिस्त्री कव्हर ब्लॉकऐवजी खडी सरकवतो, ती भरताना निसटते आणि सळई थेट फळीवर बसते. दहा वर्षांनी सीलिंगचा गिलावा पडतो तो इथून. कॉलमच्या रिंगा नकाशाप्रमाणे जवळजवळ आहेत का, विशेषतः बीमच्या वर आणि खाली? इलेक्ट्रिशियनने पाइप टाकताना सळ्या वाकवल्या नाहीत ना? हे सगळं मोबाइलवर फोटो काढून इंजिनिअरला पाठवा आणि त्याचं ‘भरा’ हे उत्तर जपून ठेवा.

भरताना क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुना ठोकळे, काढायला सांगा, १५० मिलिमीटरचे. ते २८ दिवसांनी लॅबमध्ये फोडले की काँक्रीट कसं होतं ते आकड्यात कळतं. साध्या पोर्टलँड सिमेंटला निदान ७ दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्याला १० दिवस पाणी. पुण्याच्या मार्च-एप्रिलात त्याहून जास्त. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस हलवायचे नाहीत, त्याहून लांब स्लॅबला १४. ‘साहेब, दुसऱ्या साइटला सेंट्रिंग पाहिजे’ ही सबब मी नोकरीभर ऐकली. त्यांची दुसरी साइट, त्यांनी बघावं.

आमचं गाव छापू नका. भोगवटा पत्रासाठी ‘काहीतरी बघा’ असं सांगितलं जातंय. आर्किटेक्ट म्हणतो, सगळेच देतात. काय करू?

छापत नाही. देऊ नका, आणि हे मी नीतीचा पाठ म्हणून सांगत नाही. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा झाला आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. मागणी झाल्याबरोबर फोन करा, पैसे दिल्यावर नव्हे. पुढचं कसं करायचं ते तेच सांगतात.

मात्र एक तपासून बघा : मागणी खरंच कार्यालयातून आली आहे, की मधल्या माणसाने स्वतःच तयार केली आहे? आमच्या नावावर बाहेर किती पैसे गोळा होत, ते आम्हाला निवृत्तीनंतर कळायचं. तुमचा नकाशा ऑनलाइन दाखल झालेला असेल तर लॉगिन आर्किटेक्टकडे असतं. त्याच्याशेजारी बसा आणि फाईल कुणाकडे, कुठल्या शेऱ्यावर थांबली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कधी कधी तिथे ‘आर्किटेक्टकडून पूर्तता प्रलंबित’ असं दिसतं.

फ्लॅटचं बाथरूम नव्याने करतोय, फरशी, टाइल्स सगळं. महापालिकेची परवानगी लागते का?

टाइल्स, फरशी, रंग, गिलावा, फॉल्स सीलिंग यांना नाही. सोसायटीला लेखी कळवा, राडारोडा कुठे टाकणार ते ठरवा. ब्रेकरने बाथरूमचा खोल स्लॅब उकरू देऊ नका, वॉटरप्रूफिंग गेलं तर खालच्या काकांचं छत आणि तुमची मैत्री दोन्ही जाते. भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा नाही. बाल्कनी बंद करणं हा निराळा विषय आहे, तिला परवानगी लागते.

दोन वर्षांपूर्वी बंगला बांधून राहायला आलो. घरपट्टी भरतो, पाणी-वीज आहे. भोगवटा पत्र घ्यायचं राहिलं. आता खरंच गरज आहे का? खाली पार्किंगमध्ये भिंती घालून मिसेस ट्यूशन घेतात, बाकी सगळं नकाशाप्रमाणे आहे.

घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लावते, वर कायद्यात शास्तीची तरतूद आहे. कायद्याने काम पूर्ण झाल्यापासून महिन्याभरात पूर्णत्वाची सूचना द्यायची असते आणि भोगवटा मिळाल्याशिवाय राहायला जायचं नसतं. सूचना दिल्यावर २१ दिवसांत नकार आला नाही तर राहता येतं, पण तुम्ही सूचनाच दिलेली नाही, त्यामुळे ती सवलत तुम्हाला नाही.

आज गरज वाटत नाही. घर विकताना, त्यावर कर्ज काढताना किंवा वर मजला चढवताना वाटेल, आणि तेव्हा आर्किटेक्ट बदललेला असेल, स्ट्रक्चरल इंजिनिअर परगावी गेलेला असेल. दोघेही आत्ता फोन उचलतात, तर आत्ताच करून घ्या. त्यांचा पूर्णत्वाचा दाखला, स्ट्रक्चरल स्थैर्याचं प्रमाणपत्र, ड्रेनेज जोडल्याचा कागद, घरपट्टी बाकी नसल्याचा दाखला गोळा करा आणि जोत्याचं प्रमाणपत्र शोधून ठेवा.

आता ट्यूशन. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य परत वाचा. ‘बाकी सगळं’ नकाशाप्रमाणे आहे, पण भोगवट्याला येणारा माणूस गेटमधून आत शिरताच पहिल्यांदा बघतो ते पार्किंग. नकाशात गाडी आहे आणि जागेवर फळा, बाकं आणि भिंत, तर तो वर चढणारही नाही. अर्ज करण्याआधी त्या भिंती काढा, जागा मोकळी करा, गाडी आत लावून फोटो काढा. मग मुलांना हॉलमध्ये बसवता येईल. वहिनींना सांगा, परीक्षा संपल्या की भिंत पाडू, म्हणजे वर्षही बुडणार नाही.